थंड हवामानात ब्रुग्मान्सिया फुलवायचा, तर आधी बेचकं जपा

फांद्यांना उलटे टांगलेले वीतभर लांबीचे कर्णे आणि दिवस कलला की सगळ्या बागेत पसरणारा गोड वास. ब्रुग्मान्सिया ऐन बहरात पाहिला की तो आपल्याकडेही असावा असं वाटतंच. थंड प्रदेशात राहणाऱ्यांना मात्र लगेच सांगितलं जातं, की हे गरम हवेतलं झाड आहे, त्याच्या नादी लागू नका. हा सल्ला अर्धाच खरा आहे. ब्रुग्मान्सियाला गारवा चालतो, काही जातींना तर तो हवाच असतो. सोसत नाही ते गोठणं.

थंड हवेत हे झाड जगवणं फारसं अवघड नाही. ते दरवर्षी फुटतं, हातभर पानं काढतं, माणसाच्या उंचीला जातं आणि फुलं यायच्या बेताला पुन्हा थंडी येते. वर्षानुवर्षं नुसतीच पानं पाहणारे कितीतरी हौशी माळी आहेत, आणि त्यांची चूक खतात किंवा पाण्यात नसते. ती असते हिवाळ्यात. म्हणून या लेखात खतपाण्यापेक्षा हिवाळ्यावर जास्त लिहिलं आहे.

झाडाची ओळख

ब्रुग्मान्सिया हा धोतऱ्याचा जवळचा नातलग. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, तंबाखू हीसुद्धा त्याच कुळातली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या झाडाची एक जात धोतऱ्यातच घातली होती. पेर्सोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये त्याचं वेगळं घराणं मांडलं आणि डच प्राध्यापक ब्रुग्मान्स यांचं नाव त्याला दिलं. तरीही रोपं विकताना दोन्ही नावांची आजही सरमिसळ होते, त्यामुळे फरक नीट माहीत असलेला बरा. धोतऱ्याचं फूल आकाशाकडे तोंड करून उभं असतं, फळाला बहुधा काटे असतात आणि झाड हंगामी किंवा अल्पायुषी असतं. ब्रुग्मान्सियाचं फूल खाली लोंबतं किंवा तिरकं झुकतं, फळ गुळगुळीत असतं आणि खोडाला लाकूड धरतं. हा फरक कामाचा आहे, कारण धोतरा दरवर्षी बियांपासून नव्याने करता येतो. ब्रुग्मान्सियाचं लाकूड मात्र वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं.

त्याच्या सात जाती मानल्या जातात. सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या, बहुतेक अँडीज पर्वतरांगांमधल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या सातही जातींची नोंद ‘वन्य अवस्थेत नामशेष’ अशी आहे. म्हणजे आज जो ब्रुग्मान्सिया दिसतो तो माणसाने लावलेला, किंवा माणसाच्या बागेतून बाहेर पसरलेला. कुंडीतलं एक झाड नीट जपण्याला मला म्हणूनही मोल वाटतं.

विषाचा विषय आधीच संपवू

या झाडाचं मूळ, खोड, पान, फूल, बी असं सगळंच विषारी आहे. त्यात स्कोपोलामिन, हायोसायमिन आणि ॲट्रोपिन ही द्रव्यं असतात. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं-मांजर असेल तर हे झाड आणू नका. आणायचंच असेल तर त्यांच्या आवाक्यात ते कधीही येणार नाही अशी जागा आधी पक्की करा.

छाटणी करताना हातमोजे घाला. रसाचा हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते, नजर अंधुक होते आणि हा परिणाम काही दिवस टिकू शकतो. असं झालं तर डोळा भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना झाडाचं नाव सांगा. नाव कळलं नाही तर वेगळ्याच आजाराच्या तपासण्या सुरू होतात. काही पोटात गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. छाटलेल्या फांद्या जाळू नका, गुरांपुढे टाकू नका. कात्री धुऊन ठेवा आणि गळलेली फुलं रोजच्या रोज उचला.

कोणती जात घ्यावी

जातींचे ढोबळ दोन गट पडतात आणि थंड हवेतल्या माणसाने सगळ्यात आधी हा भेद समजून घ्यावा.

पहिला गट उबदार हवेचा: सुआवेओलेन्स, ऑरिया, व्हर्सिकलर आणि इन्सिग्निस. बाजारात मिळणारे बहुतेक संकर याच चौघांच्या रक्ताचे असतात. फुलं मोठी, पांढरी, पिवळी, गुलाबी किंवा जर्दाळूच्या रंगाची. सुगंध संध्याकाळनंतर सुटतो, कारण मूळ ठिकाणी परागीभवन करणारे पतंग रात्री हिंडतात. यांना दिवसा १८ ते २५ अंश सेल्सिअस आणि रात्री १० ते १५ अंश मिळाले की उन्हाळाभर बहर येत राहतो.

दुसरा गट थंड डोंगरांवरचा: आर्बोरिया, सँग्विनिया आणि व्हल्कॅनिकोला. सँग्विनियाची फुलं अरुंद नळीसारखी असतात. देठाकडे हिरवट, मध्ये पिवळी आणि टोकाला लालभडक. त्यांना वास नसतो, कारण ती पतंगांसाठी नसून गुंजन पक्ष्यांसाठी बनलेली आहेत. या गटाला कडक उन्हाळा सोसत नाही, पारा २५ अंशांच्या वर राहू लागला की कळ्या गळतात. सौम्य उन्हाळा आणि हिवाळ्यात न गोठणारं काचघर असेल तर सँग्विनिया थंडीच्या दिवसांतही फुलतो.

माझा सल्ला असा: पहिलं झाड एक तर सुआवेओलेन्स घ्या, नाहीतर ऑरिया आणि व्हर्सिकलर यांचा संकर. हा संकर ‘कॅन्डिडा’ या नावाने मिळतो. त्याचे ‘ग्रँड मार्निए’ हा जर्दाळू रंगाचा आणि ‘नाइटाय’ हा पांढरा दुहेरी प्रकार कुंडीत वर्षानुवर्षं टिकलेले आहेत. शुद्ध व्हर्सिकलरचं फूल सगळ्यात देखणं, ३० सेंटिमीटरच्या पुढे जाणारं आणि सरळ खाली लोंबणारं. पण त्याला ऊब जास्त लागते, तो दुसऱ्या टप्प्यावर घ्यावा. व्हल्कॅनिकोलाच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये.

बेचकं: सगळं गणित इथे आहे

बी किंवा बुडखा फुटून आलेलं रोप आधी एकाच दांड्याने सरळ वाढत जातं. एक ते दीड मीटरच्या आसपास, कधी त्याहून वर, ते दुभंगतं आणि गलोलीच्या लाकडासारखं बेचकं तयार होतं. पहिली कळी बहुधा याच जागी येते. पुढे प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगत जाते आणि जवळजवळ प्रत्येक बेचक्यात फुलाची शक्यता असते. बेचक्याच्या खाली फूल नाही.

पान हातात घेऊन पाहिलं तर हा फरक डोळ्यांना दिसतो. बेचक्याखालच्या पानाच्या दोन्ही कडा देठाला साधारण एकाच जागी मिळतात. वरच्या पानात एक कड देठावर जरा खाली उतरलेली असते आणि पान एका बाजूला कललेलं वाटतं. छाटलेल्या काड्यांच्या ढिगातून फुलणारं लाकूड कोणतं हे ओळखायला याहून सोपी खूण नाही.

आता थंड प्रदेशाचं वेळापत्रक मांडून पाहा. थंडीने झाड जमिनीपर्यंत मेलं, तर वसंतात मुळातून नवा कोंब येतो, त्याला पुन्हा पूर्ण उंची गाठायची असते, मग बेचकं, मग कळी. तोवर पानगळ, म्हणजे हिवाळ्याआधीचा ऋतू, येते. याउलट बेचकं आणि त्यावरच्या फांद्यांची चार-सहा पेरं जिवंत राहिली, तर वसंतात तिथूनच फूट येते आणि उन्हाळा निम्मा सरायच्या आत पहिला बहर दिसतो. म्हणून इथून पुढचं प्रत्येक काम, कुंडीच्या आकारापासून हिवाळ्यातल्या पाण्यापर्यंत, बेचकं जिवंत ठेवण्यासाठी आहे असं धरा.

कुंडी आणि माती

कोवळ्या रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नका, ओली माती मुळांविना पडून राहते आणि आंबते. आधी ३ ते ५ लिटर, मुळांनी कुंडी भरली की १० ते १५ आणि दुसऱ्या वर्षी ३० ते ४० लिटर, हा क्रम ठीक. चाळीसच्या पुढे झाड आणखी देखणं होतं, पण पानगळीत ती कुंडी कोण उचलणार हेही आधीच ठरवावं लागतं. बुडाला चाकं असलेली पाटी इथे कामाला येते.

माती पाणी धरणारी हवी आणि तुंबवणारी नको. चांगली बागमाती किंवा तयार कुंडीमिश्रण, त्यात एक चतुर्थांश मुरलेलं कंपोस्ट आणि तेवढंच परलाइट किंवा जाडसर वाळू. माती किंचित आम्लधर्मी असली की पुरे. कुंडीच्या भोकांवर खापरीचे थर रचायची गरज नाही, भोकं मोठी आणि मोकळी असली म्हणजे झालं.

ज्यांना झाड बागेच्या वाफ्यात दिसायला हवं आहे, पण हिवाळ्यात आत न्यायचं आहे, त्यांच्यासाठी एक युक्ती फार गुणाची आहे. प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंडीच्या बाजूंना आणि बुडाला अंगठ्याएवढी भोकं पाडा, झाड त्यात लावा आणि कुंडी काठापर्यंत वाफ्यात पुरा. उन्हाळ्यात मुळं भोकांतून बाहेर पसरतात, झाड जमिनीतल्यासारखं जोमाने वाढतं आणि पाण्याची ओढाताण कमी होते. पानगळीत कुंडीभोवती फावडं मारून बाहेरची मुळं तोडा आणि कुंडी उचला. मूळगोळा शाबूत राहतो.

वसंत: जागं करणं आणि बाहेर काढणं

शेवटच्या गोठत्या रात्रीचा तुमच्या भागातला अंदाज धरा आणि त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी झाडाला उजेडात, १२ ते १५ अंशांत आणा. आधी अगदी थोडं, कोमट पाणी द्या. फूट दिसेपर्यंत खत नाही. खोड सुकल्यासारखं वाटलं तर नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर खाली सरकत हिरवं मिळेपर्यंत पाहा आणि तिथवर छाटा. घाई मात्र करू नका, जाड लाकडाचे डोळे फुटायला कधी कधी बरेच आठवडे घेतात.

माती बदलायची ती याच वेळी. मोठी कुंडी देणं शक्य नसेल तर मूळगोळा बाहेर काढून बाजूंनी आणि तळातून दोन-तीन बोटं मुळं कापा, नवी माती भरा आणि झाड त्याच कुंडीत परत बसवा. ब्रुग्मान्सिया ही कापणी सहज सोसतो.

रात्रीचं तापमान सातत्याने १० अंशांच्या वर राहू लागलं की झाड बाहेर न्यायचं, पण एका दिवसात नाही. घरात फुटलेली पानं पातळ असतात, उघड्या उन्हात ती दोन तासांत पांढरी पडून करपतात. पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावली, मग सकाळचं थोडं ऊन, असं करत आठ-दहा दिवसांनी कायमच्या जागी. थंडीची एखादी रात्र पुन्हा येणार असं दिसलं तर झाड भिंतीलगत ओढा आणि वरून जाड कापड टाका.

जागेच्या बाबतीत उन्हापेक्षा वाऱ्याचा विचार आधी करा. पानं मोठी आणि मऊ, फुलं त्याहून मऊ, जोराच्या वाऱ्यात संध्याकाळपर्यंत चिंध्या होतात. उन्हाळा सौम्य असेल तिथे दिवसभराचं ऊन चालतं. दुपार तापत असेल तर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली उत्तम. आणि बसायची जागा जवळ असावी, कारण या झाडाची खरी वेळ संध्याकाळची.

उन्हाळा: खादाड आणि तहानलेलं

भर उन्हाळ्यात चाळीस लिटरच्या कुंडीतलं पूर्ण वाढलेलं झाड दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितं. सकाळी बुडातून पाणी वाहेपर्यंत द्या, फार गरम दिवशी संध्याकाळी पुन्हा. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा लगेच झारी उचलू नका, आधी बोट मातीत खुपसा. माती ओली असेल तर ते फक्त उन्हाने मलूल झालं आहे, सावली आली की सावरतं. ओल्या मातीत पाणी ओतत राहिलं तर मुळं गुदमरतात आणि मग पानं संध्याकाळीही उचलत नाहीत.

खताच्या बाबतीत हात आखडू नका. रोपं बाहेर गेल्यावर आठवड्यातून एकदा विद्राव्य संतुलित खत, १९:१९:१९ किंवा २०:२०:२०, लिटरला एक ते दोन ग्रॅम. भर वाढीत आठवड्यातून दोनदा दिलं तरी चालतं, फक्त कोरड्या मातीवर कधीच नाही. सेंद्रिय पद्धतीने करणाऱ्यांनी कुंडीत वरून दर महिन्याला गांडूळखताचा थर द्यावा आणि अधूनमधून पातळ द्रवखत. नुसत्या पोटॅशने फुलं वाढतील या समजाने नायट्रोजन तोडू नका. एवढा पानोरा पोसायचा तर नायट्रोजन लागतोच. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असं जुन्या पानांवर दिसू लागलं तर मॅग्नेशियम कमी पडतंय, एप्सम मीठ लिटरला पाच ग्रॅम विरघळवून एक-दोनदा द्या. उन्हाळा संपत आला की खत थांबवा. उशिरा फुटलेली कोवळी फूट हिवाळ्यात सगळ्यात आधी कुजते.

कळी वाढताना पाहणं हा एक वेगळाच आनंद आहे. आधी दिसतो तो हिरवा, फुगीर, टोकदार कोष. तो पुष्कळ दिवस नुसता लांबत जातो. मग एका बाजूने उलतो आणि आतून घट्ट पिळलेली, फिकट हिरवी गुंडाळी बाहेर सरकते. ती उलगडते ती दिवस मावळताना, आणि कडांची वळलेली शेपटासारखी टोकं शेवटी बाहेर वळतात. कित्येक प्रकारांत पहिल्या रात्री फूल पांढरं किंवा फिकट पिवळं असतं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत त्याला गुलाबी किंवा जर्दाळू रंग चढतो. गार रात्री हा रंग जास्त खुलतो. इथे थंड हवेतल्या बागेची बाजू वरचढ आहे. एक फूल साधारण चार-पाच दिवस राहतं. बहर एकदम येतो, मग काही आठवडे झाड नुसतं पानांचं दिसतं आणि पुन्हा बहर. मधल्या काळात झाडाला काही झालंय असं समजून कुंडी हलवू नका. जागा बदलणं, एकदा कोरडं पडणं किंवा तापमानाचा मोठा झोका, यांतलं काहीही कळ्या गळायला पुरेसं असतं.

कीड

कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड), पांढरी माशी आणि मावा हे नेहमीचे पाहुणे. त्यात कोळी सगळ्यात वाईट. पानावर बारीक फिकट ठिपके, मग खालच्या बाजूला तलम जाळी आणि पान तांबूस होऊन गळतं. हा कोळी कोरड्या, उबदार हवेत माजतो, म्हणून हिवाळ्यात गरम खोलीत ठेवलेल्या झाडांवर हमखास येतो. उपाय म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि आठवड्याने निंबोळी तेल किंवा बागेसाठीचं साबणद्रावण, तेही संध्याकाळी. एका फवारणीने काम होत नाही, अंडी मागे राहतात, म्हणून तीन-चार वेळा करावी. गोगलगायींना कोवळी पानं प्रिय असतात, रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच त्यावर खात्रीचा इलाज.

पानांवर वेडेवाकडे फिकट पट्टे, सुरकुत्या आणि खुंटलेली वाढ एकत्र दिसली तर विषाणूची शंका घ्या. टोमॅटो आणि तंबाखूचे काही विषाणू याही झाडाला धरतात आणि त्यावर औषध नाही. असं झाड वेगळं करा, त्याच्या काड्या लावू नका आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसा. टोमॅटो आणि बटाट्याच्या वाफ्यापासून ब्रुग्मान्सिया लांब असलेला बरा.

पानगळ: आत नेण्याआधी

पारा रात्री ५ अंशांकडे झुकू लागला की तयारी. उबदार गटाची पानं शून्याला काळी पडतात आणि त्याखाली आणखी दोन-तीन अंश उतरलं की लाकूडही मरू लागतं. थंड डोंगरावरचे प्रकार हलकी गोठण थोडीफार सोसतात, पण त्या भरवशावर कुंडी बाहेर सोडू नये.

जमिनीत लावलेलं झाड उचलायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी खोडापासून एक फुटावर गोल फावडं मारून मुळं कापून ठेवा. आत नवी तंतुमुळं फुटतात आणि उचलताना धक्का कमी बसतो. कुंडीतल्या झाडाचं पाणी हळूहळू कमी करा. मग छाटणी. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आत जागा कमी म्हणून लोक दांडा कमरेएवढा कापून टाकतात, आणि त्यासोबत पुढच्या उन्हाळ्याची फुलं जातात. नेमकं काय करायचं: बेचकं शोधा, त्यावरच्या प्रत्येक मुख्य फांदीची किमान पाच-सहा पेरं ठेवा आणि पेराच्या जरा वर कापा. कोवळे, हिरवे, मऊ शेंडे काढाच, ते टिकत नाहीत. उंची खरोखरच मावत नसेल तर कुंडी तिरकी ठेवा किंवा झोपलेलं झाड आडवं करा, पण बेचकं कापू नका.

छाटलेलं झाड आडोशाला, मोकळ्या हवेत तीन-चार दिवस ठेवा म्हणजे जखमा सुकतील. उरलेल्या पानांवर किडीचा फवारा मारा, कारण बाहेरची एक कोळी-वसाहत आत जाऊन हिवाळाभर पोसली जाते.

हिवाळा: उजेड आणि ऊब यांची जोडी

इथे नियम एकच आहे: जितका उजेड कमी, तितकी जागा थंड हवी. अंधार आणि ऊब एकत्र आली की झाड जागंच राहतं, पांढरट लांबट कोंब काढत साठवलेली ताकद उधळतं आणि वसंतापर्यंत थकून जातं.

काचघर किंवा उजेडाचा थंड व्हरांडा असेल तर ८ ते १२ अंश उत्तम. काही पानं टिकतात, वाढ जवळजवळ थांबते, मातीचा वरचा थर सुकला की थोडं पाणी. वसंतात अशी झाडं सगळ्यात आधी फुलतात. सँग्विनियासाठी हीच जागा लागते, तो अंधारात झोपत नाही.

अशी जागा नसेल तर तळघर, गॅरेज किंवा न तापवलेली खोली, ४ ते ८ अंश, अंधार चालतो. सगळी पानं गळतील, घाबरू नका. गळलेली पानं उचलत राहा, नाहीतर राखाडी बुरशी खोडावर चढते. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, मूळगोळा भुकटी होऊ नये इतकंच. हिवाळ्यात मेलेली बहुतेक झाडं थंडीने मरत नाहीत, झोपलेल्या मुळांना पाजलेल्या पाण्याने मरतात. शंका आली तर पाणी देऊ नका.

गरम राहत्या खोलीत ठेवायचं असेल तर दक्षिणेकडची मोठी खिडकी (दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची), शक्य असल्यास वाढीचा दिवा, आणि दर आठवड्याला पानांखाली कोळी शोधायची तयारी. मी हा मार्ग फक्त छोट्या रोपांसाठी सुचवेन.

काड्यांपासून रोपं

छाटणीच्या काड्या हाच तुमचा विमा. मोठं झाड दगावलं तरी प्रकार हातातून जात नाही. बेचक्यावरची, पेन्सिलीएवढी जाड, किंचित लाकूड धरलेली १५ ते २० सेंटिमीटरची काडी घ्या, पेराच्या लगेच खाली कापा, वरची एक-दोन पानं ठेवा आणि तीही निम्मी कापा. अशा काडीचं रोप कमी उंचीवर आणि लवकर फुलतं, कारण लाकूड आधीच फुलायच्या वयाचं असतं. बेचक्याखालच्या काडीचं रोप जोमदार आणि सरळ वाढतं. उंच खोडाचं झाड हवं असेल तरच ती निवडा.

काडी पाण्यात उभी केली तर काही दिवसांत बुडलेल्या सालीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे फोड दिसतात. ते रोग नाहीत, मुळांचा रस्ता तिथूनच सुरू होतो. पाणी दोन दिवसांनी बदला, भांडं सावलीत ठेवा. मुळं तीन-चार सेंटिमीटरची झाली की लगेच कुंडीत लावा. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, जास्त लांब होऊ दिली तर लावताना तुटतात. परलाइट आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात लावलं तर मुळं दणकट येतात. २० ते २२ अंश मिळाले तर दोन ते चार आठवडे लागतात.

बियांपासून

संकराच्या बियांपासून आईसारखं फूल येत नाही, आणि फुलायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. नवं काही घडवण्याची हौस असेल तर करावं. बीवरचं जाड, बुचासारखं कवच एक दिवस पाण्यात भिजवून अलगद सोला, म्हणजे बी कुजत नाही आणि लवकर उगवतं. २० ते २५ अंशांत साधारण दोन ते चार आठवडे. सोलताना हातमोजे विसरू नका.

जमिनीतच ठेवायचं असेल तर

जिथे हिवाळ्यात जमिनीचा फक्त वरचा थर गोठतो, तिथे झाड बाहेरच ठेवून पाहता येतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा आडोसा आणि उत्तम निचरा ही अट. दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची भिंत. पहिल्या गोठणीनंतर बुडाशी २० ते ३० सेंटिमीटर कोरडा पालापाचोळा किंवा गवत रचा आणि वरून पाणी मुरणार नाही असं काहीतरी झाका. ओला पाचोळा थंडीपेक्षा घातक. बहुतेक वेळा खोड मरतं आणि मुळातून फूट येते, म्हणजे पुन्हा बेचक्याची वाट पाहणं आलं. ते टाळायचं तर खोडाभोवती बेचक्याच्या वरपर्यंत तारेच्या जाळीचा पिंजरा करा, त्यात कोरडी पानं ठासून भरा आणि वर झाकण घाला. वसंतात गोठत्या रात्री संपत आल्या की पानं थोडी थोडी, आठवडाभरात काढा, एकदम उघडं पाडू नका. असं झाड पहिल्यांदाच बाहेर ठेवत असाल, तर त्याच्या दोन-तीन काड्या आत रुजवून मगच ठेवा.